घरी सुतारकामाची जागा उभी करताना: आधी बेंच, मग धार, मशीन नंतर

घरी सुतारकाम सुरू करायचंय, कुठलं मशीन घेऊ, हे मला सारखं कोणी ना कोणी विचारत असतं. टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेलं कापायचं मशीन) घेऊ का मायटर सॉ (पातं वरून खाली आणून आडवं-तिरकं कापणारं) घेऊ, ऑफर चालू आहे, ३० हजार बाजूला काढलेत वगैरे. मी सगळ्यांना एकच उलट प्रश्न विचारतो, फळी कापताना ती धरणार कशी? त्यावर बहुतेक जण गप्प होतात कारण तो विचारच केलेला नसतो, आणि माझं म्हणणं असं आहे की घरच्या वर्कशॉपचा सगळा खेळ तिथेच आहे. लाकूड हलता कामा नये आणि हत्याराला धार पाहिजे. एवढ्या दोन गोष्टी जमल्या की निम्मं काम होतं, आणि या जमल्या नाहीत तर ५० हजारांच्या मशीनवर पण कडा वाकडीच येते.

आमच्याकडे लहानपणी जे सुतारकाका यायचे त्यांच्याकडे बेंच, म्हणजे सुतारकामाचं भक्कम टेबल, नव्हतं, जमिनीवर बसून काम करायचे आणि फळी पायाच्या तळव्यांमध्ये, अंगठ्यात अशी पकडायचे की शिकंज्यात धरल्यासारखी. वाकस (लाकूड तासायला), करवत, रंधा (लाकूड सपाट करायला), तीन-चार पटाश्या (लाकूड कोरायची सपाट पात्याची हत्यारं), गिरमिट (भोक पाडायला), गुण्या (काटकोन बघायला), एवढं एका पेटीत. त्यांनी केलेलं कपाट अजून आईकडे आहे आणि दार अजून बरोबर बसतं. आपल्याला ते पायाने धरणं येत नाही, त्यासाठी आयुष्य त्यात जावं लागतं, म्हणून आपल्याला बेंच लागतं.

जागा

माझी जागा म्हणजे पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची मागची टेरेस, १० फूट बाय ७ फूट, वर पत्रा. बंद बाल्कनी, गच्चीवरची खोली, बंगल्याचं पार्किंग, गावाकडे पडवी, काहीही चालतं. बघायचं एवढंच की पाऊस आत येत नाही ना, दिवसा उजेड आहे ना, आणि काम झाल्यावर १५ मिनिटांत आवरून दार लावता येतं ना. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण पसारा घरात यायला लागला की घरचे वैतागतात आणि तो वैताग बरोबरच असतो.

आणखी एक, ८ बाय ४ ची प्लायची शीट बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यातून वळवताना कोपरे मोडतात आणि भिंतीचा रंग पण जातो. दुकानातच कापून आणा, बऱ्याच प्लायवुडवाल्यांकडे पॅनल सॉ असतो, आपण मापं लिहून दिली की थोडे पैसे घेऊन सरळ कापून देतात आणि तो कट आपल्या हाताच्या कटापेक्षा चांगला असतो.

शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि हातातला सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) १०० च्या आसपास जातो. मी मशीन फक्त शनिवारी रविवारी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ७ चालवतो, दुपारी लोक झोपतात तेव्हा रंधा आणि पटाशी. बेंचच्या पायाखाली वॉशिंग मशीनखाली ठेवतात ते रबराचे पॅड ठेवले, त्याने खालच्या मजल्यावर जाणारी ठकठक बरीच कमी झाली.

बेंच, आणि यावर घाई करू नका

मी सांगतो ते बेंच एका प्लायच्या शीटमध्ये होतं. १८ एमएमची शीट घ्या, ८ बाय ४. दुकानात सांगा की ५ फुटावर आडवा कट मारा. मग तो ५ बाय ४ चा तुकडा मधोमध कापला की ५ बाय २ चे दोन तुकडे मिळतात, ते एकावर एक चिकटवायचे, झाला ३६ एमएमचा टॉप. उरलेल्या ४ बाय ३ च्या तुकड्यात खालचा कप्पा आणि पुढे लागणारे ठोकळे सगळं निघतं.

चिकटवताना फेविकॉल मधे ओतून बोटाने नाही पसरवायचं, जुन्या एटीएम कार्डाला खाचा पाडा आणि त्याने पूर्ण पृष्ठभागावर सारखं पसरवा, कडांपर्यंत. दुसरा तुकडा ठेवल्यावर तो तेलावर ठेवल्यासारखा सरकतो म्हणून दोन कोपऱ्यांत आधी स्क्रू मारून घ्या. स्क्रू खालच्या बाजूने, ३० एमएमचे, म्हणजे वर टोक येत नाही. मग वर वजन, मी पाण्याचे २० लिटरचे चार जार भरून ठेवले होते आणि २४ तास हात लावला नाही.

पायांना ३ बाय ३ इंचाचं लाकूड. इथे पुणेकरांना एक फायदा आहे, जुने वाडे पडतात त्यांच्या चौकटी, वासे, तुळया विकणारे लोक आहेत आणि ते सागवान इतकं जुनं आणि सुकलेलं असतं की वाकायचं जे होतं ते कधीच वाकून झालंय. फक्त त्यात खिळे असतात, काही तर आत मोडून राहिलेले, वर डोक्याचा मागमूस नाही. माझा नवा रंधा पहिल्याच दिवशी अशा खिळ्यावर गेला आणि पात्याला दाण्याएवढा खळगा पडला, तो घासून काढायला दोन संध्याकाळी गेल्या. आता मी स्पीकरमधलं जुनं मॅग्नेट दोरीला बांधून सगळ्या बाजूंनी फिरवतो, जिथे ओढलं जातं तिथे खडूने गोल.

उंची किती ठेवायची तर चपला घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा, जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत माप घ्या. साडेपाच फुटाच्या माणसाला साधारण ३३ इंच येते. किचनच्या ओट्याएवढं करतात काही जण, त्यावर रंधा मारताना खांदे भरून येतात, कारण रंधा हाताने नाही कमरेतून मारायचा असतो आणि त्यासाठी शरीर लाकडाच्या वर पाहिजे.

बेंच तयार झालं की त्याच्या डाव्या टोकाला (डावखुऱ्यांनी उजव्या) सुतारी शिकंजा (लाकूड दोन जबड्यांत आवळून धरणारा) बसवा, ७ इंचाचा पुरतो, त्याच्या लोखंडी जबड्यांना आतून लाकडाच्या पट्ट्या लावा नाहीतर प्रत्येक वस्तूवर दाताचे वळ उठतात. मग उरलेल्या प्लायमधून बेंच हूक, म्हणजे १० बाय ८ इंचाचा तुकडा, त्याला एका बाजूला वरून पट्टी आणि दुसऱ्या बाजूला खालून पट्टी. खालची बेंचच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून करवत चालवायची. १० मिनिटांत होतो आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू आजही हीच आहे.

क्लॅम्प, म्हणजे तुकडे आवळून धरायचे चिमटे, कितीही घेतले तरी कमी पडतात. सुरुवातीला २ फुटी एफ क्लॅम्प चार घ्या. मोठे हवेत तर पाइप क्लॅम्पचे नुसते जबडे मिळतात, ते पाऊण इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवर चढतात, नळाच्या सामानाच्या दुकानातून पाइप हवा तेवढा कापून एका टोकाला आटे पाडून आणायचा, झाला ४ फुटी क्लॅम्प.

हत्यारं आणि धार

पटाश्या तीन, दोन सूत, चार सूत आणि एक इंची. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका इंचात आठ सूत, टिंबर मार्केटमध्ये आणि सुतारांशी बोलताना मिलिमीटर चालत नाही.) लोखंडी जॅक रंधा १४ इंची. एक बारीक दाताची करवत. स्टीलची १२ इंची पट्टी, गुण्या, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायला), लाकडी मोगरी (पटाशीवर मारायचा हातोडा). पुण्यात हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं, मुंबईत नागदेवीला. रविवार आणि बुधवारच्या जुन्या बाजारात कधी कधी जुन्या पटाश्या मिळतात, गंज वरवरचा असेल तर बिनधास्त घ्या पण पात्याच्या मागच्या सपाट बाजूला खोल खड्डे असतील तर सोडून द्या, तिथे धार कधीच लागणार नाही.

गुण्या दुकानातच तपासा. सरळ कडेच्या प्लायच्या तुकड्याला गुण्या टेकवून बारीक पेन्सिलने रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून परत रेघ मारा. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर जेवढं फाकलंय त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. दुकानदार वैतागत नाही, उलट गिऱ्हाईक माहितगार आहे म्हणून आतला चांगला माल काढतो.

आता धार. नवीन पटाशीला धार नसते, हे कोणी सांगत नाही. कंपनीतून येते ती फक्त घासलेली असते, आणि नवीन माणूस त्याच अवस्थेत वापरतो, लाकूड चुरगळतं, मग तो जोर लावतो, जोर लावला की पटाशी सटकते आणि समोरचा हात कापला जातो. माझ्या डाव्या अंगठ्यावर चार टाके याच कारणाने आहेत. महागडे दगड लगेच नकोत. काचवाल्याकडून १० एमएम जाडीची काच घ्या, १२ बाय ४ इंच, कडा घासून. हार्डवेअरमध्ये पाण्याचा पॉलिश पेपर मिळतो, २२०, ४००, ८००, १२०० आणि २००० नंबर. काचेवर पाणी शिंपडून पेपर ठेवला की तो आपोआप चिकटतो.

पहिलं काम पात्याची मागची बाजू. फक्त टोकाकडचा एक इंच भाग पेपरवर पूर्ण सपाट दाबून मागे पुढे घासा, २२० पासून सुरू. सुरुवातीला कडा कडाच चमकतात आणि मधे काळपट राहतं, ते काळं पूर्ण जाईपर्यंत पुढच्या नंबरवर जायचं नाही, कंटाळा आला तरी नाही. हे पात्याच्या आयुष्यात एकदाच करायचं असतं. २००० नंबरपर्यंत आलात की त्यात आपली पापणी दिसते. मग पुढची तिरकी बाजू, २५ अंशाच्या आसपास, कोन धरायला हातात धरायचं होनिंग गाइड मिळतं ते सुरुवातीला वापरा, लाज नाही त्यात. घासता घासता मागच्या बाजूने बोट हळूच कडेबाहेरच्या दिशेने फिरवलं की बारीक खरखर लागते, तारेसारखी कड वळलेली असते, ती पूर्ण रुंदीत लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. ती कड शेवटच्या पेपरवर मागून एकदोनदा घासून काढायची आणि मग चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर दहा वेळा ओढायची.

तपासायचं कसं, तर मऊ पाइनचा तुकडा घ्या आणि त्याच्या टोकाकडून, म्हणजे जिथे रेषांची तोंडं दिसतात तिथून, पटाशीने पातळ काप काढा. बोथट पटाशी तिथे चुरा करते. धारदार असेल तर पारदर्शक साल निघते आणि खालचं लाकूड मेण लावल्यासारखं चमकतं, आवाज पण वेगळा येतो, सळसळ असा. तो आवाज एकदा ऐकला की परत बोथट हत्यार हातात धरवत नाही.

मशीन कुठलं, आणि काय करू नका

आधी ड्रिल. मग सर्क्युलर सॉ, ७ इंची पात्याचा. टेबल सॉ पेक्षा हा का, तर फ्लॅटमध्ये टेबल सॉ ला पुढे मागे चार चार फूट मोकळी जागा लागते ती नसते. सर्क्युलर सॉ ला अ‍ॅल्युमिनियमचा २ बाय १ इंची बॉक्स पाइप गाइड म्हणून क्लॅम्प करा, जमिनीवर २ इंची थर्माकोल पसरून त्यावर प्लाय ठेवा, पातं प्लायच्या जाडीपेक्षा ३-४ एमएमच जास्त खाली सोडा. प्लायची चांगली बाजू खाली ठेवायची कारण दात खालून वर येतात आणि वरची बाजू उडते. त्यानंतर ट्रिमर राउटर (कडा आणि खाचा कोरायला) आणि गोल फिरणारा ५ इंची सँडर (पॉलिश पेपरने घासायला), पण पुढच्या कामाला लागलं तरच. मी दर वेळी हाच नियम पाळतो, कामाचा आराखडा आधी आणि हत्यार नंतर, त्यामुळे घरात न उघडलेलं एकही खोकं नाही.

आता कळकळीने सांगतो. मार्बल कटर (फरशी कापायचं मशीन) उलटा करून प्लायला खालून बसवायचा आणि त्याचा टेबल सॉ करायचा, हे साइटवर सर्रास दिसतं आणि व्हिडिओ पण भरपूर आहेत. करू नका. ते ४ इंची पातं मिनिटाला १२-१३ हजार फेरे फिरतं, वर गार्ड नाही, मागे कापलेला भाग फाकवून ठेवणारी पट्टी नाही, बटण खाली लॉक केलेलं. लाकूड दाबलं गेलं की ते उडून अंगावर येतं आणि हात त्याच्यासोबत पात्याकडे खेचला जातो. अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातांचं पातं लावणं तर त्याहून वाईट. कुठलंही कापायचं मशीन चालवताना हातमोजे पण नकोत, दात कापडाला पकडतात. चष्मा मात्र कायम.

वीज. १४०० वॅटचं मशीन साधारण ६ अँपिअर ओढतं आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. मोबाइल चार्जरसाठी घेतलेलं एक्स्टेंशन त्याला लावलं तर वायर हाताला गरम लागते. वायरमनकडून बेंचपाशी वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट घ्या, किमान २.५ स्क्वेअर एमएमची वायर, अंतर लांब असेल तर ४, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी. पावसाळ्यात ओल्या टेरेसवर उभं राहून मशीन चालवणाऱ्याला याला पर्याय नाही.

भुसा डोळ्याला दिसतो तो नाही, जो दिसत नाही तो वाईट. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) धूळ तर सगळ्यात बारीक. एन९५ मास्क, सँडरला व्हॅक्यूमची नळी, एक एक्झॉस्ट फॅन. साधा रुमाल उपयोगाचा नाही.

लाकूड आणि पावसाळा

पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केट, मुंबईत रे रोड. भाव घनफुटावर असतो, हिशोब सोपा आहे, लांबी फुटात गुणिले रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात, भागिले १४४. म्हणजे ७ फूट लांब ६ इंच रुंद दीड इंच जाड फळी म्हणजे ६३ भागिले १४४, साधारण ०.४४ घनफूट. आणि लक्षात ठेवा, एक इंची फळी रंधून साफ झाली की सहा-सात सूतच राहते, तेव्हा माप वाढवून घ्या. प्लाय घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस ३०३ बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) बघा, कडेला वाकून आत पोकळी नाही ना ते बघा, आणि जाडी स्वतः मोजा, १८ म्हणून दिलेला बऱ्याचदा १७ भरतो आणि मग खाच ढिली होते.

आणलेलं लाकूड भिंतीला उभं टेकवून ठेवू नका, वाकतं. आडवं, दर दीड फुटावर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, हवा सगळीकडून लागेल असं, आणि वापरायच्या आधी तीन-चार आठवडे तुमच्याच जागेत राहू दे.

मी पहिला ड्रॉवर मे महिन्यात आंब्याच्या लाकडाचा केला, इतका नेटका बसवला की ढकलला की आतली हवा फुस्स करून बाहेर यायची, सगळ्यांना दाखवला. जुलैत तो बंद झाला तो झालाच. दोन्ही हातांनी ओढून मूठ हातात आली. नोव्हेंबरमध्ये आपोआप उघडला. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि हिवाळ्यात आक्रसतं, आणि ते कुठल्याही फेविकॉलने थांबत नाही. उन्हाळ्यात ड्रॉवर करताना वरून एक सूत फट सोडायची.

हत्यारांचं पण पावसाळ्यात तेच. जूनच्या आधी सगळ्यांना शिलाई मशीनचं तेल पुसून लावा, पेटीत कापराच्या वड्या टाका, पटाश्या भिंतीला लटकवण्यापेक्षा बंद कपाटात ठेवा. चपडीचं (लाखेचं) पॉलिश भर पावसात करू नका, दमट हवेत पांढरं पडतं. आणि जवसाचं तेल लावलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते सुकताना आतल्या आत तापतं आणि स्वतःहून पेट घेतं, मी बादलीत पाण्यात बुडवतो मगच कचऱ्यात.

पहिलं काम पाट करा

स्टूल, रॅक नंतर. जेवायला बसायचा साधा पाट, १८ बाय १२ इंच, सागवानाच्या दोन फळ्या कडेला कड लावून. यात सगळं येतं, कडा रंध्याने सरळ करणं, चिकटवणं, क्लॅम्प, पृष्ठभाग सपाट करणं. दोन फळ्या शिकंज्यात पाठीला पाठ लावून एकत्रच रंधा, म्हणजे कोन थोडा चुकला तरी उघडल्यावर एकमेकांना जुळतो. खाली दोन आडव्या पट्ट्या येतात, आणि इथेच बहुतेक जण फेविकॉल भरून पट्टी चिकटवतात आणि पहिल्या वर्षातच पाट मधोमध तडकतो कारण फळी फुगायला बघते आणि पट्टी तिला सोडत नाही. पट्टीला फेविकॉल अजिबात नको. प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू, मधलं भोक स्क्रूच्या मापाचं, कडेची दोन भोकं पाटाच्या रुंदीच्या दिशेने लांबट, ड्रिलने शेजारी शेजारी दोन भोकं पाडून मधलं पटाशीने किंवा गोल कानशीने मोकळं करायचं, एक सूतभर लांबी पुरते. कडेच्या स्क्रूखाली वॉशर टाका आणि ते करकचून आवळू नका, टेकले की थांबा. माझा पाट सहा पावसाळे झाले रोज वापरात आहे, ऑगस्टमध्ये खालून बघितलं तर कडेचे स्क्रू त्या लांबट भोकात बाहेरच्या बाजूला सरकलेले दिसतात आणि जानेवारीत परत आत.